मळ्यातलं अंदाजपत्रक

आमच्या नगरपालिकेचं अंदाजपत्रक वाचलं जायचं सभागृहात, पण शिजायचं आप्पांच्या मळ्यात. आप्पा म्हणजे सत्ताधारी गटाचे नेते. फेब्रुवारीत अंदाजपत्रकाच्या खास सभेची नोटीस निघाली की सभेच्या आदल्या दिवशी दुपारी मळ्यात मटणाचं जेवण ठरलेलं. विहिरीजवळच्या चिंचेखाली सतरंज्या, पलीकडं ऊस, आणि तीन दगडांच्या चुलीवर रस्सा. गटारं, दिवाबत्ती, बाग, दवाखाना, सगळ्याची वाटणी तिथंच व्हायची. दुसऱ्या दिवशी सभागृहात फक्त हात वर करायचं काम उरायचं.

मी एक मुदत नगरसेविका होते. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले आणि आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव पडला. गल्लीतल्या निम्म्या लोकांना मीच पाढे शिकवले होते, त्यामुळं उमेदवार शोधत कुणाला फार फिरावं लागलं नाही. निवडून आलेल्यांत निम्म्या आम्ही बायका. पण मळ्यातल्या जेवणाला बाईनं जायची पद्धत नव्हती. नगरसेविकांचे नवरे जायचे. बायकोचा वॉर्ड, बायकोचं मत आणि बायकोच्या वाटणीचं मटण, तिन्ही तेच सांभाळायचे. सभागृहात आम्हांला पन्नास टक्के आरक्षण होतं, मटणात नव्हतं.

माझी पंचाईत वेगळीच. मला नवराच नव्हता. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि मुलगी लग्न होऊन साताऱ्याला. मग या वॉर्डाच्या वतीनं मळ्यात जेवायचं कुणी, असा प्रश्न पहिल्याच वर्षी उभा राहिला. आप्पांनी तो त्यांच्या पद्धतीनं सोडवला. ते मला डबा पाठवू लागले. स्टीलचा मोठा डबा. खालच्या कप्प्यात रस्सा, मधल्यात सुकं, वरच्यात भाकरी आणि कांदा. डबा आणणारा ड्रायव्हर दारात उभा राहून सांगायचा, "बाई, आप्पांनी सांगितलंय, उद्या समद्याला हात वर करायचा." झालं, माझ्याशी विचारविनिमय संपला. मला राग यायचा. पण मला मटण आवडतं, आणि त्या मळ्यातला रस्सा पंचक्रोशीत नावाजलेला. मी चिडून जेवायचे, पण जेवायचे.

खास सभा म्हणजे लेखापाल वाचणार आणि आम्ही ऐकणार. आरंभीची शिल्लक, घरपट्टी, पाणीपट्टी, सरकारी अनुदानं, मग खर्चाची बाजू. शेवटी अंदाजपत्रक शिलकी निघायचं. दरवर्षी. एवढी गटारं तुंबलेली असताना शिल्लक राहते कशी, असं मी एकदा विचारलं. लेखापाल म्हणाले, "बाई, तुटीचं दाखवलं तर वर विचारत्यात." मागच्या पानावरचं उत्तर बघून गणित मांडणाऱ्या पोरांना मी आयुष्यभर छड्या दिल्या होत्या. इथं तीच पोरं मोठी होऊन खुर्च्यांवर बसली होती.

महिला-बालकल्याणासाठी आणि दिव्यांगांसाठी काही वाटा नियमानंच राखून ठेवावा लागतो. तो कशावर घालायचा हे मात्र मळ्यात ठरायचं, आणि तिथं फार डोकं चालवायची कुणाची तयारी नसायची. महिलांच्या पैशातून शिलाई मशिनं. मागल्या साली मशिनं, म्हणून यंदाही मशिनं. माझ्या वॉर्डात ती इतकी झाली की काही घरांत त्यांच्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवत. दिव्यांगांच्या पैशातून दिवाळीच्या आधी प्रत्येकाला सारखी रक्कम, सभागृहात बोलावून, फोटोसकट. त्यात वाईट काही नव्हतं, त्यांचा सण गोड व्हायचा. सणानंतर वर्षभर त्या माणसांचं काय, हे कुणी विचारत नव्हतं. मीही सुरुवातीची दोन वर्षं विचारलं नाही.

माझ्या परसाला लागून एक घर आहे. तिथली बाई माझीच विद्यार्थिनी, गणितात कच्ची, पण भाकरीत तिचा हात धरणारं गावात कुणी नाही. लग्नाकार्यातल्या, जत्रेतल्या, पुढाऱ्यांच्या जेवणावळीतल्या भाकरी थापून द्यायचं काम ती घ्यायची. नवरा पुण्यात कंपनीत, महिन्यातून एखाद्या वेळी यायचा. आणि एक मुलगी. जन्मापासून तिच्या दोन्ही पायांत दोष. डोकं मात्र तल्लख. माझ्या ओट्यावर बसून ती तोंडी हिशेब शाळेत जाणाऱ्या पोरांच्या आधी सांगायची. सांगलीच्या डॉक्टरांनी तिच्या आईला स्पष्ट सांगितलं होतं. पायांचा व्यायाम आठवड्यातून दोनदा जाणकाराच्या हातून होत राहिला तर ही धरून उभी राहील, कदाचित चार पावलं टाकेल. वाढीच्या वयात खंड पडला तर पाय आखडतील, आणि मग ते सरळ व्हायचे नाहीत.

म्हणून ती मुलीला कडेवर घेऊन एसटीनं सांगलीला जायची. जाण्यायेण्यात अख्खा दिवस, त्या दिवसाची भाकरीची ऑर्डर बुडालेली. मुलगी आठ वर्षांची झाली तशी एसटीची पायरी अवघड होऊ लागली. एकदा परसात धुणं वाळत घालताना ती मला म्हणाली, "बाई, ती वाढाय लागलीया. मी न्हाई वाढत." रडत नव्हे, लुगड्याचा पिळा झटकत म्हणाली. मला मात्र दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

गावाच्या तोंडाला, पलूसच्या रस्त्यावर, जुना जकात नाका आहे. जकात बंद झाल्यापासून त्याच्या दोन खोल्या रिकाम्या. दारात कुत्री आणि आत पत्त्यांचा डाव. माझं म्हणणं सोपं होतं. एक खोली दुरुस्त करायची, धरून चालायला दोन दांड्या बसवायच्या आणि सांगलीहून व्यायामाचे डॉक्टर आठवड्यातून दोनदा बोलवायचे. त्यांचं मानधन दिव्यांगांच्या राखीव पैशातून द्यायचं. गावात आणि शेजारच्या वाड्यांवर अशी लेकरं आणखीही होती. मी आप्पांना गाठून सांगितलं. आप्पा म्हणाले, "बघू की, बाई." आप्पांची भाषा एव्हाना मला कळू लागली होती. बघू म्हणाले म्हणजे नाही. करू म्हणाले म्हणजे आत्ता नाही. 'करून टाकू' म्हणाले तरच जरा आशा धरायची.

त्या वर्षीही मळ्यातल्या भाकरीचं काम माझ्या शेजारणीकडंच होतं. गावचं अंदाजपत्रक ठरताना तिथं हजर असलेली एकुलती एक बाई तीच, हे माझ्या तेव्हा कुठं ध्यानात आलं. मी म्हटलं, "जरा कान उघडे ठेव गं."

"कान उघडंच असत्यात, बाई," ती म्हणाली. "तोंड बंद ठिवायचं पैसं देत्यात."

पुढं जे झालं ते मी तिच्याकडून ऐकलं, आणि नंतर चार-दोन नवऱ्यांकडूनही, प्रत्येकानं आपापला मसाला घालून. पंगत बसली होती. रस्सा वाढून झाला होता. बोलणं चाललं होतं स्वागत कमानीचं. आष्ट्याच्या रस्त्याला एक आणि पलूसच्या रस्त्याला एक अशा दोन करायच्या, की सगळा पैसा घालून एकच दांडगी. मध्येच कुणीतरी दिव्यांगांचं विचारलं, आणि आप्पा म्हणाले, "गेल्या साली केलं तसंच." तेव्हा ही चुलीपासून उठली. पिठाचे हात पुसले, भाकरीची बुट्टी उचलली, पंगतीत शिरली आणि आप्पांच्या ताटापुढं वाकली.

"आप्पा, एक भाकरी घ्या."

"वाढ गं."

"आवं, आन एक इचारू का?"

"इचार की."

"पोरीला घिऊन सांगलीला जायाचं मला आता झेपंना. जकात नाक्यात एक खोली द्या, आन तितं डाक्टर आणा. एकलीसाठी न्हाई मागत. अशी लय लेकरं हायती."

आमच्याकडं पंगतीत वाढायला आलेल्या बाईला तोंडावर नाही म्हणत नाहीत. भाकरी नको असली तरी हात आडवा धरून 'अर्धी' म्हणायचं. आप्पांनी तोंडातला घास गिळला आणि म्हणाले, "दिली जा. करून टाकू." कुणी हसलं, कुणी 'झ्याक झालं' म्हणालं, आणि बोलणं परत कमानीवर गेलं.

डब्याबरोबरचा निरोप त्या दिवशी नेहमीपेक्षा लांब होता. "नाक्याचं घातलंय म्हणून बाईंस्नी सांग, असं आप्पा म्हणलं," ड्रायव्हर म्हणाला. मी न चिडता जेवले. तिन्हीसांजेला ती आली. अंगाला धुराचा वास, कोपरापर्यंत पीठ. ओट्यावर टेकली आणि म्हणाली, "दिली म्हणलं, बाई. समद्या पंगतीत म्हणलं." मुलगी आमच्या दोघींच्या तोंडाकडं बघत होती.

"मंजी मी आता हितंच उभी ऱ्हायला शिकणार?" तिनं विचारलं.

"हितंच," आई म्हणाली.

मला इतका आनंद झाला की काय करावं सुचेना. घरात गोडाचं काही नव्हतं. मी दोघींच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले.

दुसऱ्या दिवशी खास सभा. लेखापाल वाचत होते, आम्ही हात वर करत होतो. दिव्यांग कल्याणाखाली त्यांनी नवं शीर्ष वाचलं, 'व्यायाम उपचार केंद्र, जकात नाका इमारत'. मी सावरून बसले. पुढचा शब्द होता 'नाममात्र'. नाममात्र तरतूद म्हणजे किरकोळ रक्कम टाकून नुसतं खातं उघडून ठेवायचं, पुढंमागं पैसे आले तर ते ठेवायला जागा असावी म्हणून. चुलीवर रिकामं पातेलं चढवून ठेवावं तसं. राखीव पैसा सगळा दिवाळीच्या वाटपावर होता, गेल्या साली केलं तसंच.

मी उभी राहिले. म्हटलं, "आप्पा, काल तुम्ही शब्द दिला होता."

"दिला की. खातं उघडलं का न्हाई? फुडच्या बारीला भरू."

आप्पा थापा मारत होते असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पंगतीत त्यांनी मनापासून दिलं होतं. नंतर लेखापालांनी आठवण करून दिली असणार की यंदा वाटप कमी केलं तर लोक दारात येतील, आणि आप्पांनी तितक्याच मनापासून हात आखडला असणार. वाटप घेणारा माणूस मत देतो. उभं राहू बघणारं लेकरू मत देत नाही. माझा विरोध नोंदवून घ्या, असं मी म्हटलं. इतिवृत्तात आलं 'सर्वानुमते मंजूर'.

घरी आले तेव्हा ती नुकतीच सांगलीहून परतली होती, मुलीच्या व्यायामाचा तो दिवस होता. मी तिला काय झालं ते सांगितलं आणि म्हटलं, "सांगलीचं मात्र आता सोडू नको." ती ओट्याचा कठडा धरून उभी राहिली.

"बाई, मी पाळी दिऊन आले."

मुलीची ठरलेली पाळी ती त्या दिवशी कुंडलच्या एका आईला देऊन आली होती. त्या बाईला पाळी मिळत नव्हती, बिचारी रोज पोराला घेऊन रांगेत बसायची. आपल्याला आता गावातच होणार, मग दुसऱ्याची कशाला अडवायची, असा हिचा विचार. आमच्या भागात पंगतीत दिलेला शब्द म्हणजे दगडावरची रेघ. त्याच शब्दावर सोयरिकी जुळतात, बांधाची भांडणं मिटतात. तोच न्याय नगरपालिकेलाही लागू असणार असं तिनं धरलं. आदल्या दिवशी गूळ वाटताना मीही तेच धरलं होतं.

ती परत सांगलीला गेली. नाव यादीच्या शेवटी गेलं होतं. कुंडलच्या बाईकडं मात्र ती पाळी मागायला गेली नाही. "दिलेलं कसं मागायचं?" म्हणाली. डॉक्टरांनी दाखवलेले व्यायाम ती घरीच करून घ्यायची, ऑर्डरी उरकल्या की, थकलेल्या हातांनी. मुलगी कळवळायची आणि ही थांबायची. पुन्हा पाळी लागली तोवर एसटीत उचलून चढवणं तिच्या आवाक्याबाहेर गेलं होतं. आठवड्याचं जाणं महिन्यावर आलं, आणि मग तेही राहिलं.

आप्पांची 'फुडची बारी' काही आली नाही. आमची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि नगरपालिकेवर प्रशासक बसले. माझा डबा बंद झाला. मळ्यातली जेवणंही बंद झाली, कारण तिथं ठरवायला काही राहिलंच नाही.

प्रशासक तरुण होते, सभ्य, मराठवाड्याकडचे. कुणाचं मटण खायचे नाहीत, कुणाचा शब्द घ्यायचे नाहीत की द्यायचे नाहीत. मला वाटलं, आता तरी काम कामासारखं होईल. त्यांच्या पहिल्या अंदाजपत्रकाला मी प्रेक्षकांच्या बाकावर जाऊन बसले. शेजारीण मुलीला रिक्षातून घेऊन आली. सभागृहातल्या आमच्या खुर्च्यांवर धूळ बसू नये म्हणून कापडं टाकली होती. वर प्रशासक एकटे. लेखापाल वाचायचे, प्रशासक 'मंजूर' म्हणायचे. विषय मांडणारे तेच, मान्य करणारेही तेच. जकात नाक्याचं शीर्ष आलं. लेखापाल म्हणाले, "आजवरचा खर्च निरंक. सबब शीर्ष बंद करणे प्रस्तावित."

"मंजूर."

"काय म्हणलं, बाई?" तिनं माझ्या कानाशी विचारलं.

मी सांगितलं. पैसे दिलेच नव्हते म्हणून खर्च झाला नाही, आणि खर्च झाला नाही म्हणून त्याची गरज नाही. ती तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "सायेब, ते माझ्या पोरीचं हाय." प्रशासकांनी मान वर करून पाहिलं. अदबीनं म्हणाले, "ताई, अर्ज द्या. आपण तपासून घेऊ." अर्ज आम्ही दिला. त्याला उत्तरही आलं, 'योग्य त्या वेळी विचार करण्यात येईल'.

सभेनंतर बाहेरच्या पायऱ्यांवर मुलीला उचलताना ती म्हणाली, "मळ्यात निदान भाकरी वाढताना तोंडाकडं बघाय तरी मिळत हुतं. हितं कुणाला वाढू?" मी त्या मळ्यावर इतकी वर्षं चिडत आलेली बाई. तिला खोडून काढावं असं काही मला सापडलं नाही. मुलीचे पाय आईच्या हातावरून खाली लोंबत नव्हते, गुडघ्यात दुमडलेले तसेच होते. ते मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं.

प्रशासकांच्याच काळात कमान मात्र उभी राहिली. तिच्यासाठी तरतूद पुरेशी होती, खर्चही झाला होता, त्यामुळं तिचं शीर्ष बंद करायचा प्रश्नच आला नाही.

अखेर निवडणुका झाल्या. माझा वॉर्ड आता राखीव नव्हता, आणि असता तरी मी उभी राहिले नसते. आप्पांची सून नगराध्यक्ष झाली. मळ्यात पुन्हा चुली पेटल्या, पुन्हा माझ्या शेजारणीला भाकरीचं बोलावणं आलं. या वेळी तिनं काही मागितलं नाही. आप्पांनीच पंगतीत काढलं. आता ते काठी टेकत चालतात. म्हणाले, "एक शब्द ऱ्हायलाय माझा. मी हाय तवर फेडून टाका." आणि खरोखरच फेडला. दुसऱ्या दिवशीच्या अंदाजपत्रकात जकात नाक्याच्या नावापुढं नाममात्र नव्हतं. खोली रंगवली, दांड्या बसल्या, सांगलीचे व्यायामाचे डॉक्टर ठरले.

उद्घाटनाला शेजारीण मुलीला चाकाच्या खुर्चीतून घेऊन आली. खुर्ची दिवाळीच्या वाटपातली, पाठीवर नगरपालिकेचं नाव रंगवलेलं. मुलगी आता तेरा वर्षांची. नारळ फुटल्यावर डॉक्टरांनी सगळ्यांत आधी तिलाच तपासलं. एक गुडघा धरून सावकाश सरळ करून बघितला, मग दुसरा. ती ओठ आवळून बसली होती. डॉक्टर भला माणूस होता, त्यानं आईला बाजूला घेतलं. पण खोली लहान होती, आम्हां सगळ्यांनाच ऐकू आलं. "दुखणं कमी करता येईल. उभं राहणं आता नाही जमायचं."

मुलगी दांड्यांकडं बघत राहिली. नव्या होत्या, चकचकीत, तिच्या खांद्याच्या उंचीला. मग रांगेत तिच्यामागं आईच्या कडेवर बसलेलं एक लहान पोर होतं, त्याला जागा व्हावी म्हणून तिनं स्वतःच खुर्ची बाजूला घेतली.

आप्पांना डॉक्टरांचं बोलणं ऐकू गेलं नव्हतं. ते काठी टेकत तिच्या आईजवळ आले आणि हसून म्हणाले, "बघ पोरी, पाळला का न्हाई शब्द?"

"पाळला की, आप्पा," ती म्हणाली. "पर भाकरी फुगायची एक येळ असती. ती गेली की मग कितीबी जाळ घाला, फुगत न्हाई."

आप्पा आधी हसले. मग त्यांनी खुर्चीतल्या मुलीकडं पाहिलं, तिच्या पायांकडं पाहिलं आणि बाहेर जाऊन गाडीत बसले. त्यांना काय कळलं ते त्यांनाच ठाऊक. मला त्यांची दया आली नाही. मला राग आला होता, आणि तो अजून गेलेला नाही.

त्या दिवशी उद्घाटनाचं जेवण मळ्यात होतं. दुपारी इतक्या वर्षांनी माझ्या दारात डबा आला, तोच स्टीलचा. आप्पांनी आठवणीनं पाठवला होता. भाकरी तिच्याच हातच्या. सकाळी सगळ्या थापून देऊन मगच ती मुलीला घेऊन नाक्यावर आली होती. मी वरचा कप्पा उघडला, भाकरी काढून घेतल्या आणि रस्सा तसाच परत दिला.

"बाई, मटण सोडलं व्हय?" ड्रायव्हरनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं, आणि भाकरी घेऊन परसातून मुलीला हाक मारली.